शेवटचे पाऊण लिटर

बीडमध्ये काच धुणे अवघड नाही. धुतलेली काच धुतल्यासारखी दिसणे अवघड आहे. जालना रोड, सुभाष रोड, बार्शी नाका या भागांत दवाखान्यांचे, क्लासेसचे, कापडाच्या दुकानांचे दर्शनी भाग आता निळ्या-हिरव्या काचांचे झाले आहेत. दिवाळी तोंडावर आली की या काचांवर बोअरचा पाइप सोडला जातो, कुणीतरी पोरगा शिडीवर चढून फडका मारतो आणि काच झळकू लागते. ऊन वर येते तसे तिच्यावर पांढरे ठिपके आणि ओघळांच्या रेघा उमटतात. मालकाला वाटते पोराने हात आखडता घेतला. पोराला वाटते साबण कमी पडला, म्हणून तो पुढच्या वेळी साबण वाढवतो आणि रेघाही वाढतात.

दोष हाताचाही नाही आणि साबणाचाही नाही. काचेवरून पाणी ओघळून गेले तरी त्याचा एक पातळ थर मागे राहतो. चार फूट बाय चार फुटांची खिडकी म्हणजे साधारण दीड चौरस मीटर काच. हा थर मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढा धरला, तरी त्यात पंच्याहत्तर मिलिलिटर पाणी असते. पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेले एकूण क्षार, लिटरला १००० मिलिग्राम असेल, तर त्या थरात ७५ मिलिग्राम क्षार असतात. ऊन पाणी नेते, क्षार नेत नाही. ते सगळे काचेवर समान पसरले असते तर कदाचित दिसलेही नसते. पण थर तुटून थेंब होतात, प्रत्येक थेंबाची कड आधी सुकते, मधले पाणी कडेकडे ओढले जाते आणि जाताना क्षार घेऊन जाते. म्हणून डाग भरीव नसतो, कडेला गडद असलेले कडे असते.

मराठवाड्यात टीडीएस मीटरने हजाराच्या आसपास आकडा दाखवणे नवलाचे नाही. आपली जमीन काळ्या पाषाणाची, म्हणजे बेसाल्टची. पावसाचे पाणी मातीतून उतरताना कार्बन डायऑक्साइड घेते, किंचित आम्लधर्मी होते आणि खडकातले कॅल्शियम, मॅग्नेशियम व सिलिका विरघळवत खाली जाते. उथळ विहिरीचे पाणी दरवर्षीच्या पावसाने बदलत राहते, त्यामुळे ते तुलनेने हलके असते. पाचशे-सातशे फूट खोल बोअरमधले पाणी खडकाच्या भेगांत वर्षानुवर्षे मुरलेले असते. ते वर येऊन काचेवर सुकते तेव्हा विरघळलेल्या बायकार्बोनेटचे कार्बोनेट होते आणि कार्बोनेट पाण्यात पुन्हा सहजी विरघळत नाही. त्याच पाण्याने दुसऱ्यांदा धुतले तर जुना डाग जात नाही, वर नवा बसतो. ज्याच्या घरी कूलर आहे त्याला हे वेगळे सांगायला नको. मार्चमध्ये बसवलेल्या नव्या गवताच्या पट्ट्या मेअखेरीस दगडासारख्या होतात, त्या याच कारणाने.

पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, म्हणजे आयएस १०५०० मध्ये, टीडीएसची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्राम आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले जाते. माणसाचा घसा सोशिक असतो. काच सोशिक नसते. डाग दिसू नये असे वाटत असेल तर शेवटी काचेवरून गेलेल्या पाण्याचा टीडीएस दोन आकडी, जमल्यास एक आकडी हवा. हे ऐकायला चैनीचे वाटते, पण बीडमधले कितीतरी लोक ही काळजी आधीपासून घेतात, फक्त खिडकीसाठी नाही. इन्व्हर्टरच्या बॅटरीत कुणी बोअरचे पाणी ओतत नाही, दुकानातून डिस्टिल्ड वॉटरचा कॅन आणतो. परळीच्या थर्मल वीज केंद्रात बॉयलरला लागणारे पाणीही आधी क्षारमुक्त करावे लागते, नाही तर नळ्यांच्या आत क्षारांचा थर धरतो आणि नळ्या फुटतात. त्याच परळीचे संच २०१३ च्या दुष्काळात आणि पुन्हा २०१५ मध्ये पाण्याअभावी बंद ठेवावे लागले, हेही या जिल्ह्यात विसरून चालत नाही. इथे काच धुण्याचा कुठलाही सल्ला पाण्याच्या हिशेबापासून सुरू व्हावा लागतो.

आता असे पाणी काचेपर्यंत नेणाऱ्या दांड्याकडे. परदेशात उंच खिडक्या धुण्यासाठी जो वॉटर-फेड पोल वापरतात, तो म्हणजे एकात एक सरकणाऱ्या नळ्यांचा लांब दांडा, टोकाला मऊ ब्रश आणि दांड्यातून वर गेलेली पाण्याची बारीक नळी. ब्रशच्या मधोमध दोन भोके असतात, त्यांतून पाणी काचेवर पडते. माणूस जमिनीवर उभा राहून दुसऱ्या-तिसऱ्या मजल्याची काच घासतो आणि तिथेच धुऊन टाकतो. पुसत नाही. शेवटचे पाणी क्षारमुक्त असल्याने ते सुकले तरी मागे काही उरत नाही, हा त्यातला सगळा डाव. ब्रिटनमध्ये उंचीवरच्या कामाचे नियम २००५ साली लागू झाले आणि जे काम जमिनीवरून होऊ शकते त्यासाठी माणसाला शिडीवर चढवू नये, हे तत्त्व कायद्यात आले. त्यानंतर तिथे हा दांडा फार पसरला. आपल्याकडे मुंबई-पुण्याच्या उंच इमारतींवर अजून दोराने लटकून काचा पुसतात. बीडच्या इमारती दोन-तीन मजल्यांच्या आहेत, म्हणजे खरे तर या दांड्याच्या मापाच्याच. सहा मीटरचा दांडा पहिल्या मजल्याला पुरतो, नऊ-दहा मीटरचा दुसऱ्याला. त्याहून लांब दांड्याचे टोक इतके डोलते की ब्रश काचेवर कमी आणि भिंतीवर जास्त फिरतो.

पाणी क्षारमुक्त करण्याचे दोन मार्ग आहेत. आरओमध्ये पाणी दाबाने अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलतात, क्षार अलीकडे राहतात. असा व्यवहारात चालणारा पडदा १९६० च्या सुमारास कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोघांनी तयार केला, सौरीराजन भारतीय. १९६५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कोलिंगा या गावात खाऱ्या भूजलासाठी तो पहिल्यांदा गावपातळीवर वापरात आला. कोलिंगाची अडचण आपल्यासारखीच होती: जमिनीखाली पाणी होते, पण तोंडात धरवत नव्हते. दुसरा मार्ग रेझिनचा. त्याचे मणी पाण्यातले क्षारांचे आयन धरून ठेवतात आणि बदल्यात हायड्रोजन व हायड्रॉक्सिल सोडतात, त्या दोघांचे मिळून पुन्हा पाणीच होते. रेझिनमधून पाणी जवळजवळ शून्य टीडीएसचे निघते, पण हजार टीडीएसच्या पाण्यावर ते लवकर भरून जाते. म्हणून व्यवसाय करणारे आधी आरओ आणि मग रेझिन असे दोन्ही जोडतात. बीडमध्ये घरासाठी किंवा दवाखान्यासाठी यातले काहीही विकत घ्यायची गरज नाही, असे माझे मत आहे. त्याचे कारण विसळण्याच्या हिशेबात आहे.

घासणे आणि विसळणे ही दोन वेगळी कामे आहेत. घासण्याच्या पाण्याला धूळ भिजवायची असते, सैल करायची असते आणि खाली न्यायची असते. त्यासाठी बोअरचे पाणी चालते, उरलेले आरओचे रिजेक्ट पाणीही चालते. विसळण्याचे काम एवढेच की काचेवर उरलेला तो पातळ घाण थर हटवून त्या जागी चांगल्या पाण्याचा थर आणायचा. चांगले पाणी लागते ते इथे, आणि तेही फार नाही.

आपल्या घरांत भांडी तीन पाण्यांतून काढतात. भरलेल्या एका बादलीत एकदा बुडवण्यापेक्षा थोड्या थोड्या पाण्यात तीनदा विसळलेले भांडे जास्त स्वच्छ निघते, हे कुणी गणित करून ठरवलेले नाही. पण गणित तेच सांगते. वरच्या खिडकीवर ७५ मिलिलिटरचा, हजार टीडीएसचा थर आहे. त्यावर पाऊण लिटर शुद्ध पाणी एकदम सोडले आणि ते थरात पूर्ण मिसळून ओघळले, तर मागच्या थरात क्षारांचा अकरावा भाग उरतो, म्हणजे साधारण सात मिलिग्राम. तेच पाऊण लिटर पाव-पाव लिटर करून तीनदा सोडले आणि प्रत्येक वेळी ओघळू दिले, तर उरतो एक्क्याऐंशीवा भाग, म्हणजे एक मिलिग्रामसुद्धा नाही. पाणी तेवढेच, काच सातपट स्वच्छ. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत ब्युरेट धुताना डिस्टिल्ड पाण्याच्या बाटलीची बारीक धार दोन-तीनदा फिरवायला सांगतात ते याचसाठी. प्रत्यक्षात काचेवरून खाली सरकणारे पाणी नुसते मिसळत नाही, पुढच्याला ढकलतही नेते, त्यामुळे निकाल हिशेबापेक्षा थोडा चांगलाच येतो. अट एकच: दोन सोडींच्या मध्ये पाणी ओघळायला जरा वेळ द्यायचा, पण सुकू द्यायचे नाही. थंडीत सावलीतली काच दहा मिनिटे ओली राहते. एप्रिलच्या उन्हात आणि वाऱ्यात ती दोन मिनिटांत सुकते. म्हणून पश्चिमेकडची भिंत सकाळी आणि पूर्वेकडची दुपारनंतर धुवावी.

पाणी कुठून सोडायचे यालाही अर्थ आहे. सुरुवात काचेवरून नव्हे, वरच्या चौकटीवरून. तिथे सालभराची धूळ, कबुतरांची घाण, रंगाऱ्याने सांडलेला चुना, कोळिष्टके असे सगळे साठलेले असते. ते आधी बोअरच्या पाण्याने खळखळून काढले नाही, तर तुम्ही काच स्वच्छ विसळून पुढच्या खिडकीकडे वळलात की वरच्या रबरी पट्टीतून करडा थेंब सावकाश खाली येतो आणि काचेच्या मधोमध रेघ ओढतो. पहिल्यांदा धुतलेल्या खिडक्या बहुधा मनासारख्या होत नाहीत त्या यामुळे. चौकटीतली साठलेली घाण एका धुण्यात संपत नाही. दुसऱ्या वेळेपासून फरक दिसतो.

मग ब्रश. खालीवर, एकावर एक पट्टे येतील असा, कडा आणि कोपरे आधी. दाब द्यायचा नाही. लांब दांड्याच्या टोकाला दाब देण्याच्या नादात पाठ धरते, आणि धुळीतले वाळूचे कण दाबाखाली काचेवर ओरखडे काढतात. पाणी चालू ठेवून मऊ फिरवला तर कण पाण्याबरोबर निघून जातात. पक्ष्यांची विष्ठा असेल तर तिच्यावर थोडे पाणी सोडून पुढची खिडकी घ्यावी आणि मग परत यावे. भिजली की ती आपण होऊन सुटते.

घासून झाले की काच काय म्हणते ते बघायचे. काही काचांवर पाणी सलग चादरीसारखे पसरते आणि पडदा सरकावा तसे खाली उतरते. काहींवर त्याचे थेंब-थेंब होतात. स्वच्छ काचेला मुळात पाणी आवडते. पण सिलिकॉनच्या सीलंटचा अंश, रस्त्याकडेचा तेलकट धूर किंवा स्वयंपाकघरातली वाफ तिच्यावर बसली की ती पाण्याला झटकू लागते. चादर धरणाऱ्या काचेवर ब्रश वरच्या कडेला टेकवून डावीकडून उजवीकडे एकदाच सावकाश न्यावा; बाकीचे काम खाली उतरणारा पडदा करतो. थेंब धरणाऱ्या काचेवर ब्रश टेकवून ठेवला तर त्याचे केस पुन्हा पुन्हा तेच थेंब विखुरतात. तिथे ब्रश काचेपासून वीतभर लांब घ्यावा आणि पंख्यासारखी रुंद धार वरून खाली, पट्ट्यापट्ट्याने उतरवावी. धार चौकटीवर मारायची नाही, काचेवरच ठेवायची. विसळताना वरच्या पट्टीला पाणी लागले की ती पुन्हा गाळ सोडते.

त्यानंतर सगळ्यात अवघड गोष्ट: काही न करणे. ओली काच बघून कुणाचा तरी हात फडक्याकडे जातोच. विसळलेली काच पुसली तर फडक्यातला साबण, मळ आणि धागे तिच्यावर लागतात आणि चांगले पाणी वाया जाते. सुकेपर्यंत तिला एकटी सोडावी. दवाखान्यात हे सांभाळणे अवघड असते, कारण मावशींना ओली काच दिसली की काम अर्धे राहिल्यासारखे वाटते.

तर एका खिडकीला चांगले पाणी लागते पाऊण लिटर. वीस लिटरच्या एका जारमध्ये सव्वीस खिडक्या होतात. बीडला नळाचे पाणी रोज येत नाही, त्यामुळे जारचे पाणी इथे गल्लोगल्ली मिळते. पण त्याचा टीडीएस मीटर लावून बघावा. चवीसाठी प्लांटवाले त्यात थोडे मूळ पाणी मिसळतात, त्यामुळे आकडा शंभराच्या आगेमागे निघतो. तरी हजारापेक्षा तो दहापट बरा. जारबद्दल माझी तक्रार वेगळी आहे. वीस लिटर जारसाठी प्लांटच्या मागच्या नाल्यात बहुधा तेवढेच किंवा त्याहून जास्त पाणी सोडून दिलेले असते. काचेसाठी ते करावे असे मला वाटत नाही.

चांगले पाणी फुकट पडते ते पावसाळ्यात. बीड जिल्ह्याचा सरासरी पाऊस वर्षाला साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. पण काचेच्या कामापुरता तो भरपूर आहे. हजार चौरस फुटांच्या छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला तर नव्वदएक लिटर पाणी होते. दोनशे लिटरचा ड्रम भरायला एक बरी सर पुरते, आणि एका ड्रममध्ये अडीचशेहून जास्त खिडक्या विसळून होतात. एका घराला ते दोन-तीन वर्षे संपणार नाही. पहिला पाऊस छतावरची धूळ घेऊन येतो, तो सोडून द्यावा. सिमेंटच्या स्लॅबवरून आलेल्या पाण्यात थोडा चुना उतरतो. पत्र्यावरून आलेले पाणी त्यापेक्षा हलके. इथे गरिबाच्या पत्र्याचे पाणी बंगल्याच्या स्लॅबपेक्षा सरस ठरते, याची मला मौज वाटते. ड्रम झाकलेला, सावलीत आणि प्लास्टिकचा असावा, म्हणजे डासही होत नाहीत आणि शेवाळही धरत नाही. एसीच्या नळीतून टपकणारे पाणीही असेच हलके असते, मात्र मेच्या कोरड्या हवेत ते फार येत नाही, जुलैनंतर बादल्या भरतात.

ड्रममधले पाणी काचेपर्यंत चढवायचे कसे? गच्चीवरच्या टाकीतून नळी सोडली तर दहा मीटर उंचीला एक किलोचा दाब मिळतो. म्हणजे तळमजल्याच्या खिडकीवर बऱ्यापैकी धार येते, वरच्या मजल्यावर नुसती गळती. पण या जिल्ह्यात त्याचे उत्तर जवळपास प्रत्येक शेतकऱ्याच्या पडवीत टांगलेले असते: कापसाच्या फवारणीचा पाठीवरचा बॅटरी पंप. सोळा ते वीस लिटरची टाकी, बारा व्होल्टची बॅटरी, छोटा डायफ्रॅम पंप आणि हातात बंद-चालू करायचा खटका. परदेशातले खिडकीवाले पाठीवर किंवा ट्रॉलीवर वागवतात तो पंप जवळपास याच जातीचा असतो. फळबागांसाठी मिळणारी लांब सरकती नळी त्याला जोडली आणि औषधाचे धुके उडवणाऱ्या नोझलऐवजी रुंद, चपट्या धारेचे नोझल बसवले की विसळण्याचा दांडा तयार होतो. घासायला वेगळा बांबू आणि ब्रश, त्याला बोअरचा पाइप. विसळायला हा पंप.

दोन पाण्यांसाठी दोन नळ्या ठेवण्याचे कारण आळस नव्हे. तीस मीटर लांब आणि आतून आठ मिलिमीटर रुंद नळीत दीड लिटर पाणी मावते. एकाच नळीतून आधी बोअरचे आणि मग पावसाचे पाणी सोडले, तर काचेवर येणारे पहिले दीड लिटर बोअरचेच असते आणि दोन खिडक्यांचे चांगले पाणी नुसती नळी धुण्यात जाते. पाठीवरच्या पंपाची नळी वावभर, त्यात पेलाभरसुद्धा पाणी राहत नाही. खटका सोडला की धारही तिथेच थांबते. पाण्याची सगळ्यात मोठी नासाडी होते ती एका खिडकीवरून दुसरीकडे जाताना चालू राहिलेल्या पाइपने.

एक गोष्ट मात्र निक्षून: फवारणीचा जुना पंप यासाठी घेऊ नये. कीटकनाशक आणि तणनाशक रबरी नळीत आणि गास्केटमध्ये मुरलेले असते, दहा वेळा धुऊनही ते पूर्ण जात नाही. घराच्या खिडकीखाली उभे राहून डोक्यावर पाणी उडवून घ्यायचे काम आहे. पंप नवा घ्यावा, त्यावर रंगाने मोठी खूण करावी आणि तो शेतात जाऊ देऊ नये.

हे झाले सपाट काचेचे. आपल्या घरांना मात्र काचेच्या बाहेर लोखंडी ग्रील असते, आणि त्यापुढे परदेशी दांड्याचा फूटभर रुंद ब्रश हतबल होतो. गजांमधून जाणारा अरुंद ब्रश लागतो, नाही तर सरकते दार आतून काढून अंगणात धुणे सोपे. गजांवर गंज असेल तर त्याचे पाणी काचेवर येते, म्हणून आधी गज, मग काच. सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडकीत खालच्या रुळाला बाहेरच्या बाजूने बारीक भोके असतात. ती पाणी जाण्यासाठी केलेली असतात हे अनेकांना ठाऊक नसते आणि ती मातीने बुजलेली असतात. खराट्याच्या काडीने ती मोकळी करून मगच पाणी सोडावे, नाही तर रूळ भरून पाणी आत गादीवर येते. आणि जिथे जमिनीवर उभे राहून हात पोचतो, तिथे दांडा वापरूच नये. रबरी वायपर आणि अर्धी बादली पाणी यांच्याइतके कमी पाण्यात दुसरे काहीच होत नाही.

विजेच्या तारा हा या कामातला खरा धोका आहे, आणि आपल्या गल्ल्यांत तो ब्रिटनपेक्षा कितीतरी मोठा. ११ केव्हीची तार इमारतीपासून आडव्या रेषेत किमान १.२ मीटर लांब असावी असा नियम आहे. तो पाळलेला असला तरी सहा मीटरचा दांडा सव्वा मीटर सहज झुकतो. अॅल्युमिनियम वीज वाहून नेते, कार्बन फायबरही नेते, आणि ओला बांबू आपल्याला वाटतो तितका निर्धोक नसतो. समोरून तार जाते त्या बाजूच्या खिडक्या आतूनच धुवाव्यात, मग बाहेरची बाजू मळकी राहिली तरी चालेल.

जुने डाग विसळून जात नाहीत, त्यांना वेगळे औषध लागते. कार्बोनेटचा थर लिंबूसत्त्वाच्या पाण्याने सुटतो: लिटरभर पाण्यात दोन-तीन चमचे, मऊ कापडाने लावून थोडा वेळ ठेवायचे आणि लगेच भरपूर धुवायचे. खाली शहाबादी फरशी असेल तर आधी प्लास्टिक अंथरावे, कारण शहाबादी म्हणजे चुनखडक आणि आम्लाचा एक ओघळसुद्धा तिची झिलई खातो. लिंबूसत्त्वानेही जे पांढुरके सावट जात नाही, ते बहुधा सिलिकाचे असते. ते बेसाल्टच्या पाण्यातूनच येते, काचही मुळात सिलिकाचीच, त्यामुळे दोघांचे फार घट्ट जमते. ते घासून पॉलिशच करावे लागते आणि बीडमध्ये ते करणारा मिळणे कठीण. म्हणजे अशी वेळ येण्याआधीच वर्षातून दोनदा चांगल्या पाण्याने विसळणे स्वस्त.

हेच सगळे ज्ञान ज्या काचेला खिडकीपेक्षा जास्त लागू पडते, ती आता शेतात आणि छतांवर आली आहे. पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून शहरातल्या छतांवर पॅनेल वाढले, आणि मागेल त्याला सौर कृषी पंप मिळू लागल्यापासून बांधाबांधांवर. खिडकीवरचा डाग डोळ्याला खुपतो, पॅनेलवरचा डाग वीज खातो. शेतकरी पॅनेल धुतो ते त्याच पंपाने उपसलेल्या बोअरच्या पाण्याने, आणि बरेचदा भर दुपारी, कारण पंप तेव्हाच जोरात चालतो. तापलेल्या काचेवर पाणी पडताक्षणी सुकते, क्षार चिकटतात, शिवाय एकदम गार झालेल्या काचेला तडा जाण्याची भीती असतेच. पहाटे, ऊन लागायच्या आधी धुवावे. थंडीत तर दवाने धूळ आधीच भिजलेली असते. अडीच चौरस मीटरच्या पॅनेलला विसळायला सव्वा लिटर पावसाचे पाणी, तेही तीन वेळा विभागून, पुरते. साबण लावू नये, तारेचा ब्रश लावू नये, काचेवरचा परावर्तन टाळणारा मुलामा त्याने जातो. पॅनेलवर चढूही नये, काच फुटली नाही तरी आतल्या सेलना तडे जातात आणि ते वरून दिसत नाहीत.

पॅनेल धुऊन झाल्यावर खालच्या कडेकडे बघावे. काच आणि चौकटीमध्ये दोन-तीन मिलिमीटरची उभी धार असते, तिथे पाणी अडून राहते, रोज सुकते आणि मातीची व क्षारांची एक पट्टी बसते. पट्टी दोन बोटांचीच असते, पण उभ्या बसवलेल्या पॅनेलमध्ये खालच्या ओळीतले सेल आतल्या सगळ्या साखळ्यांत येतात, म्हणून तेवढ्या झाकणानेही वीज तिच्या आकाराच्या मानाने फार जास्त घटते. त्या कडेला अडकवायच्या प्लास्टिकच्या छोट्या क्लिपा मिळतात, चौकटीवरून पाणी बाहेर ओढून घेणाऱ्या. त्या नसतील तर शेवटचे पाव लिटर कडेवरून आडवे फिरवावे आणि उरलेले पाणी मऊ रबराने बाहेर लोटावे. विसळल्यावर पुसायचे नाही या नियमाला तेवढी एकच जागा अपवाद आहे.